यंत्र आपले, प्राण परक्या सर्व्हरमध्ये

लोककथेतील राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असे. इंटरनेटला जोडलेल्या अनेक घरगुती उपकरणांची स्थिती तशीच आहे. उपकरण आपल्या दिवाणखान्यात, प्राण मात्र कंपनीच्या सर्व्हरमध्ये. उपकरणाची किंमत कंपनीला एकदाच मिळते, सर्व्हरचा खर्च मात्र दरमहा येत राहतो. विक्री थांबली की हा हिशेब कोलमडतो. अमेरिकेत 'नेस्ट'ने मे २०१६ मध्ये 'रिव्हॉल्व्ह'ची सेवा थांबवली, तेव्हा घरातील उपकरणे नियंत्रित करणारी तीनशे डॉलरची धडधाकट यंत्रे निरुपयोगी ठरली.

हा शेवट अटळ मात्र नाही. हवामान, बातम्या, छायाचित्रे दाखवणाऱ्या 'चंबी' या छोटेखानी यंत्राची कंपनी २०१२ मध्ये बंद पडली. पुढे सर्व्हरचा खर्च आवरण्यासाठी यंत्रांवर केवळ एक घड्याळ दाखवले जाऊ लागले आणि २०१४ मध्ये दरमहा तीन डॉलर वर्गणी घेऊन पूर्ण सेवा परतली. 'पेबल' घड्याळांची अधिकृत सेवा जून २०१८ मध्ये संपल्यावर 'रिबल' या स्वयंसेवकांच्या गटाने ती चालवली. मूलभूत सुविधा मोफत ठेवून, ज्यांसाठी बाहेर पैसे मोजावे लागतात त्या हवामान आणि श्रुतलेखनाच्या सुविधांसाठी त्याने वर्गणी आकारली.

दोन्ही उदाहरणांचे सार एकच: आधी खर्च घटवा, मग उरलेला वाटून घ्या. साधे गणित पाहा. दहा हजार यंत्रे दर मिनिटाला सर्व्हरकडे विचारणा करत असतील, तर दिवसाला १ कोटी ४४ लाख विचारणा होतात. तासाला एकदाच केल्यास त्या २ लाख ४० हजारांवर येतात. एका शहराचे हवामान प्रत्येक यंत्रासाठी नव्याने मागवण्याऐवजी एकदाच आणून सर्वांना देता येते. यंत्राला जमणारे काम यंत्रावरच ठेवले, तर सर्व्हरवरचा भार आणखी हलका होतो.

अर्थात, ही काटकसर कंपनी बुडाल्यावर सुचून भागत नाही. यंत्राने कोणत्या सर्व्हरशी बोलावे, हे बदलण्याची किल्ली कंपनीच्याच हाती राहिली, तर वर्गणी द्यायला तयार असलेला ग्राहकही हतबल ठरतो. म्हणूनच सेवा थांबवताना ती किल्ली आणि आवश्यक तांत्रिक माहिती ग्राहकांच्या हवाली करणे, हे विक्रेत्याचे बंधनकारक कर्तव्य मानले गेले पाहिजे. अन्यथा आपण वस्तू विकत घेत नसून, मुदत न सांगता दिलेली भाड्याची वस्तू पूर्ण किंमत मोजून घरी आणत आहोत.