'कोळीण' हे कुणाचं नाव नसतं

मागच्या दिवाळीनंतर मी अलिबागच्या एका कॅमेरा क्लबात नाव नोंदवलं. सेकंडहँड डीएसएलआर, एक किट लेन्स आणि उत्साह, एवढंच भांडवल. क्लबने मला पुष्कळ दिलं. शटर स्पीड कळला, दुसऱ्याच्या फोटोवर बोलता यायला लागलं. माझं भांडण वेगळ्या गोष्टीशी आहे.

पहिली सहल थळला गेली. बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, मागे समुद्रात खांदेरी-उंदेरी, सकाळचं तिरकं ऊन. दहा-बारा कॅमेरे एका बाईभोवती. कुणी म्हणालं, "मावशी, गाऊन नको, नऊवारी आहे का?" कुणी तिच्याजवळचा निळा प्लास्टिकचा ड्रम बाजूला सरकवला. ती माझी सख्खी आत्या होती. तिने मला ओळखलं. मी मान खाली घातली, तेव्हा तीही काही बोलली नाही.

पुढच्या महिन्यात त्यातला एक फोटो स्पर्धेत पहिला आला. शीर्षक: 'कोळीण'.

ही सवय जुनी आहे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे निघाली. तिच्या संस्थापकांपैकी विल्यम जॉन्सनने पुढच्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींचं फोटोंचं पुस्तक दोन खंडांत काढलं. माणसं एकीकडे टिपायची, मागचं दृश्य दुसरीकडून आणून जोडायचं. मग १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड आले. तिथेही माणूस म्हणजे जातीचा नमुना. त्यांना राज्य करायचं होतं, म्हणून वर्गवारी हवी होती. आपल्याला कशाला हवी आहे?

"अरे, ही कला आहे, जनगणना नाही," असं मला क्लबात ऐकवलं गेलं. बरं. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकलं आणि आत्याच्या घराचे पत्रे उडाले. आधी ते घर कसं होतं, हे दाखवणारा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. वर्षानुवर्षं लोक तिच्याच अंगणात उभे राहून सूर्यास्त टिपत होते, घराकडे पाठ करून.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या शाकारून ठेवतात, जाळी दुरुस्त होतात, घरात उसनवारी चालते. तेव्हा आमचा क्लब तिकडे फिरकत नाही, कारण आकाश 'फ्लॅट' असतं! गावातला क्लब गावाकडे पर्यटकासारखा बघणार असेल, तर तो गावात हवाच कशाला?

मी मागतोय ते फार नाही. आधी विचारा. नाव लिहून घ्या. एक प्रिंट घरी नेऊन द्या. वडापावच्या आसपासच्या पैशांत निघते. आणि तो ड्रम आहे तिथेच राहू द्या, त्यात बर्फ असतो.

मी क्लब सोडलेला नाही. या महिन्यात मी आत्याचाच फोटो दिला, गाऊनमधला, ड्रमसकट. ड्रममुळे लक्ष विचलित होतं, असं परीक्षक म्हणाले. प्रिंट आत्याच्या घरी भिंतीवर लागली आहे.

स्पर्धेच्या शीर्षकात तिचं पूर्ण नाव होतं, तिला विचारून दिलेलं. इथे ते लिहीत नाही. इथल्यासाठी तिला अजून विचारलेलं नाही.