कापून मोकळे होऊ नका!

कुत्र्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून अचानक लालबुंद गोळा वर आला की घरच्यांना वाटते, गाठ आहे, काढून टाका एकदाची. मंडळी, माझे स्पष्ट मत आहे की ती काढू देऊ नये. 'चेरी आय' असे गोड नाव मिळालेला हा गोळा बहुधा गाठ नसतोच मुळी! कुत्र्याला वरची-खालची सोडून आणखी एक तिसरी पापणी असते, कोपऱ्यात दडलेली. तिच्या बुडाशी अश्रूंची ग्रंथी असते आणि डोळ्यातले साधारण एक तृतीयांश पाणी तीच पुरवते. तिचे बंध सैल पडले की ती वर येते, इतकेच.

पूर्वी ती सर्रास कापत. झटपट काम, डोळा स्वच्छ, मालक खूश. हिशेब काही वर्षांनी चुकवावा लागतो आणि तो चुकवतो कुत्रा. सगळ्यांचेच असे होत नाही, पण पुष्कळांचा डोळा कोरडा पडतो, चिकट घाण येते, बुबुळावर काळसर थर चढतो आणि नजर जाते. ल्हासा, बुलडॉग, कॉकर स्पॅनियल या जाती तर मुळातच त्या वाटेवरच्या.

माझ्या पुतणीच्या गोटूला (ल्हासा, वय वर्षे 1) हाच सल्ला मिळाला. "आत्या, डॉक्टर म्हणतायत, कापून मोकळे होऊ." मी म्हटले, "दुसऱ्या डॉक्टरांना दाखव आणि 'खिसा करून आत बसवता का', एवढेच विचार." पापणीच्या आतल्या बाजूला दोन छेद देतात, ग्रंथी आत ढकलतात आणि वरून विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात. कधी ती पुन्हा बाहेर येते, पुन्हा भूल, पुन्हा खर्च. तरीही हेच करावे.

डोळा कोरडा पडलाच तर सायक्लोस्पोरिनचे मलम, दिवसातून दोनदा, बहुधा जन्मभर. कागदाची पट्टी पापणीत 1 मिनिट ठेवून अश्रू मोजतात. 15 मिलिमीटर भिजली तर ठीक. मलमानेही अश्रू आले नाहीत तर एक अजब, क्वचितच होणारी शस्त्रक्रिया उरते. गालातून तोंडात उघडणारी लाळेची नळी अलगद सोडवतात, कातडीखालून वळवतात आणि खालच्या पापणीच्या आत आणून सोडतात. मग जेवण दिसले की तोंडाला सुटायचे पाणी डोळ्याला सुटते! (वर्गात 'नक्राश्रू' शिकवताना हे ठाऊक असते तर काय बहार आली असती.) डोळा ओला राहतो खरा, पण लाळेला अश्रूंची सर नाही. तिच्यातले क्षार बुबुळावर पांढरे साचतात, गाल भिजून कातडी चिघळते. जन्मतःच अश्रू नसलेल्या पिल्लासाठी हे वरदानच. पण ज्याची ग्रंथी धडधाकट होती, त्याच्यावर ही वेळ आपण का आणावी?

असो. पुतणीने डॉक्टर बदलले. गोटूची शस्त्रक्रिया मंगळवारी आहे. डोळ्याला पंजा लागू नये म्हणून गळ्यात घालायची प्लास्टिकची कॉलर आणली होती, ती त्याने आजच चावून ठेवली आहे.