कंपनी आधी की व्यापार आधी?

“आपण कंपनी केव्हा काढावयाची?” हा प्रश्न अलीकडे गावोगावच्या बैठकींत ऐकू येतो. सन २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीला स्थान मिळाले. २०२० मध्ये केंद्र सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना हाती घेतली, आणि खेड्यापाड्यांत नोंदणीचा उत्साह वाढला. कंपनी काढण्यास आमचा विरोध नाही. परंतु ‘केव्हा’ विचारण्यापूर्वी ‘कशासाठी’ हे विचारावयास हवे. ‘अनुदान मिळते म्हणून’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

नोंदणी अवघड नाही. दहा उत्पादक एकत्र आले, किमान पाच संचालक मिळाले की कायद्याची मुख्य अट पुरी होते. प्रत्येक सभासदास एकच मत, ही व्यवस्थाही चांगली. अवघड भाग पुढेच आहे. सभासद नसलेला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमणे कायद्याने बंधनकारक आहे. हिशेबतपासणी दरवर्षी झालीच पाहिजे. ताळेबंद व वार्षिक विवरणपत्र मुदतीत न गेल्यास प्रत्येक पत्रकामागे दररोज १०० रुपये जादा शुल्क पडते. सलग तीन वर्षे ती दाखल झाली नाहीत, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. सही करताना हे किती संचालकांना ठाऊक असते?

आता पैशाचा हिशेब मांडू. ३०० सभासदांनी प्रत्येकी १,००० रुपये भरले तर भागभांडवल तीन लाख झाले. सोयाबीनचा भाव क्विंटलला ४,५०० रुपये धरला, तर शंभर क्विंटलच्या एका ट्रकची किंमत साडेचार लाख होते. म्हणजे सर्व गावाच्या भागभांडवलात एक ट्रकही भरत नाही! हमाली, तोलाई, बारदाना व वाहतूक वजा जाता क्विंटलमागे १०० रुपये कंपनीकडे उरले, असे समजू. व्यवस्थापकास दरमहा १५,००० रुपये द्यावयाचे, तर केवळ त्याच्या वर्षाच्या पगारासाठी १,८०० क्विंटल माल, म्हणजे अठरा ट्रक, विकले गेले पाहिजेत. गोदामाचे भाडे व हिशेबतपासनिसाची फी निराळीच. उपर्युक्त केंद्रीय योजनेत व्यवस्थापनखर्चासाठी तीन वर्षांत मिळून १८ लाखांपर्यंत साहाय्य ठेवले होते. चौथ्या वर्षी पगार कोठून यावयाचा, हे पहिल्याच सभेत ठरले पाहिजे. न ठरल्यास कंपनी बंद पडते, भागाचे पैसे बुडतात, आणि पुढे दहा वर्षे त्या गावात ‘एकत्र या’ असे म्हणण्याची सोय राहत नाही. हे शेवटचे नुकसान सर्वांत मोठे.

म्हणून आमचे मत असे की, आधी एक हंगाम व्यापार करून पाहावा. एकाच पिकाचे दहा-बारा शेतकरी निवडावेत. माल एकत्र वाळवावा, चाळावा, ओलावा मोजावा, आणि बाजारात न्यावा; पट्टी मात्र ज्याच्या त्याच्या नावाने घ्यावी. ज्या दिवशी माल विकला, त्याच दिवशी गावातील व्यापाऱ्याचा भाव काय होता, तेही वहीत टिपावे. फरक पडला नाही, तर कंपनी काढूनही तो पडणार नाही.

या एका हंगामात माणसेही कळतात. ओला माल कोण आणतो, वजनाच्या वेळी कोण हजर राहतो, हे दिसते. कोणी रातोरात व्यापाऱ्याकडे माल घातला, तर त्यास फितूर म्हणू नये. त्याने पेरणीच्या वेळी उचल घेतलेली असते, आणि आजाऱ्याचा दवाखाना कंपनीच्या पट्टीसाठी थांबत नाही. अशांना मालाचा काही पैसा हातोहात कसा देता येईल, याचा विचार जो गट करील तोच टिकेल.

नाशिक जिल्ह्यातील मोहाडीची ‘सह्याद्री’ आज मोठी दिसते. तिचा आरंभ थोड्या बागायतदारांच्या द्राक्षनिर्यातीपासून झाला. इतर पिके व प्रक्रियेचा मोठा व्याप नंतर आला. भेटीस जाणारे मंडळ बहुधा यंत्रे पाहून परतते. त्यांनी तेथील जुन्या सभासदांजवळ बसून पहिल्या दोन हंगामांची हकीकत विचारावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती एवढीच की, नोंदणीचे कागद पुढे करण्याआधी त्या गटाची हंगामाची वही मागून घ्यावी. वही नसेल, तर कागद पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू द्यावेत.