पट्टी हाती आली, पैसे कुठे गेले?

कोकणातल्या आंब्याच्या पेटीचा प्रवास आपल्या बांधवांना नव्याने सांगायला नको. बाग रत्नागिरी, राजापूर किंवा देवगडला आणि लिलाव मुंबईत. हा लिलाव पूर्वी क्रॉफर्ड मार्केटात होत असे. १९९६ साली घाऊक फळबाजार वाशीला गेला. आडत्याच्या पेढीवर माल उतरतो, विकला जातो, भाडे, हमाली व इतर खर्च वजा होऊन पट्टी तयार होते आणि उरलेली रक्कम बागायतदाराकडे रवाना होते.

भाव कमी मिळाला की आपण आडत्याशी तावातावाने भांडतो. पण उरलेली रक्कम नेमकी कोणत्या पत्त्यावर, कोणत्या खात्यावर आणि कोणाच्या नावाने जाते, याची चौकशी किती जण करतात? हंगाम संपल्यावर शेवटच्या दोन पट्ट्यांचे पैसे आले नाहीत म्हणून पेढीवर फोन केला, तर उत्तर मिळते, "आम्ही तर कधीच पाठवले!" आडत्या खोटे बोलत असेलच असे नाही. पैसे गेलेले असतात, पण भलतीकडे.

याचे मूळ बरेचदा आपल्याच ढिलाईत असते. एका मोहल्ल्यात एकाच नावाची, एकाच आडनावाची दोन-तीन माणसे असणे आपल्याकडे नवलाचे नाही. पेटीवर नुसता मार्का आणि "शेख, रत्नागिरी" एवढेच लिहून माल धाडला, तर पेढीवरच्या मेहताजीने कोणता शेख समजावा? वडिलांचे नाव, मोहल्ला, पोस्ट, तालुका आणि पिनकोड लिहिल्याशिवाय पत्ता पुरा होत नाही. १९७२ पासून पिनकोड चालू आहे, तरी तो अंदाजाने लिहिणारे आजही आहेत. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात काही पिनकोड ४१५ ने सुरू होतात, तर राजापूर-लांज्याकडचे ४१६ ने. अंदाज चुकला की पाकीट फिरत राहते.

त्या पाकिटात चेक असेल तर नुकसान अधिक. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली आहे. भटकून उशिरा आलेला चेक म्हणजे कागदाचा तुकडा. नव्या चेकसाठी पुन्हा पेढीचे उंबरठे झिजवणे आले. चेकवर दोन रेघा मारून "अकाउंट पेयी" लिहिले म्हणजे काम झाले असेही नाही. त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाच्या खात्यात तो सुखाने जमा होऊ शकतो. म्हणून नावापुढे खाते क्रमांकही लिहायला सांगावे.

"आता पैसे थेट बँकेत येतात, पत्त्याचे काय काम?" असे तरुण मंडळी विचारतील. बंधूंनो, खाते क्रमांक हाही पैशाचा पत्ताच आहे. एनईएफटीने पैसे पाठवताना रक्कम क्रमांक पाहून जमा होते. नावाचा मेळ बसतो की नाही हे आपोआप तपासले जाईल अशा भरवशावर राहू नये. एक आकडा चुकला की रक्कम परक्याच्या खात्यात. पैसे घेणाऱ्याचे नाव पाठवणाऱ्याला आधी दिसावे, अशी सोय रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने २०२५ सालापासून बँकांनी दिली आहे. आडत्याने ती वापरावी असा आग्रह आपण धरला पाहिजे. शिवाय २०१९ मध्ये देना बँक बडोदा बँकेत आणि २०२० मध्ये कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत विलीन झाली, तेव्हा शाखांचे आयएफएससी कोड बदलले. पेढीच्या वहीत जुनाच कोड असेल तर तो बदलून घेण्याचे काम खातेदाराचे आहे.

आणखी दोन गोष्टी नाजूक असल्या तरी बोलल्याच पाहिजेत. पहिली, वडिलांच्या पश्चात वर्षानुवर्षे त्यांच्याच नावाने माल पाठवत राहणे. मयताच्या नावाचा चेक वारसांच्या खात्यात जमा होत नाही. त्या पैशात भावांबरोबर बहिणींचा आणि आईचाही शरीयतने ठरवलेला हिस्सा असतो, हे विसरून चालणार नाही. दुसरी, मालक आखातात आणि बाग नातेवाइकाच्या हाती. पट्टी कोणाच्या नावाने, पैसे कोणाच्या खात्यात आणि त्यातली उचल कोणी घेतली, हे लेखी नसेल तर पैशाबरोबर नातेही जाते.

काही बुजुर्ग म्हणतील, "पेढीशी तीन पिढ्यांचा संबंध आहे, लेखी मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे." हा विचार मला मान्य नाही. विकलेल्या मालाचे पैसे आडत्याकडे अमानत असतात आणि अमानत कोणाच्या हाती सोपवायची, हे मालकाने स्पष्ट सांगितलेले इमानदार आडत्यालाही हवेच असते. लेखी असले म्हणजे दोघेही सुरक्षित. तीन पिढ्यांचे संबंध तुटलेले दिसतात ते तोंडी हिशेबापायीच.

म्हणून पुढच्या हंगामाची पहिली पेटी गाडीत चढण्यापूर्वी एक कागद पेढीवर द्यावा. त्यावर पूर्ण नाव, मार्का, पिनकोडसह पत्ता, खाते क्रमांक, आयएफएससी कोड आणि फोन लिहून, प्रतीवर पेढीची सही व शिक्का घ्यावा. त्याच कागदावर हेही लिहावे की, "पत्ता अथवा खाते बदलल्याचा निरोप फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर आला, तर माझ्या जुन्या नंबरावर विचारल्याशिवाय तो मानू नये." खाते बदलल्याची खोटी थाप मारून रक्कम लांबवणारे भामटे आज सर्वच धंद्यांत शिरले आहेत. मोठी रक्कम येण्याआधी छोटी रक्कम पाठवून खात्री करून घ्यावी. प्रत्येक पट्टीची निव्वळ रक्कम पासबुकाशी जुळवावी, उचल घेतली असेल तर ती वेगळी मांडावी आणि तफावत दिसताच लेखी कळवावे. पेढी दाद देत नसेल तर बाजार समितीकडे लेखी तक्रार करावी, कारण आडत्याचा परवाना समितीचाच असतो. पैशाच्या दाव्याला साधारणतः तीन वर्षांचीच मुदत असते, हे ध्यानात ठेवून गप्प बसू नये.

हे सारे आंब्यापुरते नाही. मासळी, कातडी, भंगार, जुन्या वस्तू, जो माल आपण दुसऱ्याच्या हाती लिलावाला सोपवतो, त्या प्रत्येकाला हाच नियम लागू आहे. वर्षभर राबून पिकवलेला माल पेटीत भरताना आपण एकेक फळ निरखून पाहतो. तेवढीच नजर पत्त्याच्या चार ओळींवरही टाकावी.