सात पुस्तकांचा वाद

बायबलविषयी कॅथलिकांना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न हमखास असतो, आणि तो प्रश्नापेक्षा आरोपच अधिक असतो : रोमच्या चर्चने मूळ बायबलात सात पुस्तके मागाहून घुसडली. आरोप करणारा तारीखही सांगतो, ८ एप्रिल १५४६. त्या दिवशी त्रेंत येथील धर्मपरिषदेने ग्रंथांची यादी जाहीर केली, हे खरे. परंतु यादी जाहीर होणे आणि ग्रंथ जन्मास येणे या दोन गोष्टी एक नव्हेत. हीच पुस्तके १४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने मोजून दिली होती. त्याआधी हजारएक वर्षे, ३९३ साली हिप्पो आणि ३९७ साली कार्थेज येथे, उत्तर आफ्रिकेतील धर्माध्यक्षांनी ती ग्राह्य धरली होती. १५४६ साली घुसडलेली पुस्तके गुटेनबर्गने सुमारे १४५५ साली छापलेल्या लॅटिन बायबलात आढळावीत, हा मग चमत्कारच म्हणावा लागेल.

टोबीत, युदिथ, मक्काबींची दोन पुस्तके, प्रज्ञाग्रंथ, बेनसिरा आणि बारूख ही ती सात पुस्तके. ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहुद्यांच्या ग्रंथसंग्रहातून ती ख्रिस्ती समाजाकडे आली. नव्या कराराचे लेखक जुन्या करारातील वचने बहुधा याच ग्रीक भाषांतरातून उद्धृत करतात. पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम हिब्रू मुळाकडे वळला आणि जे हिब्रूत नाही त्याविषयी त्याने शंका घेतली. कॅथलिक पक्षाचे कैवारी या ठिकाणी घाईघाईने पुढे सरकतात. तसे सरकण्याचे कारण नाही. जेरोमची शंका मध्ययुगभर विद्वानांत जिवंत होती. ल्यूथरशी वाद घालणाऱ्या कार्डिनल कायेतान यांनाही ती मान्य होती. हिप्पो आणि कार्थेज या प्रांतिक परिषदा होत्या, हेही कबूल करावे. पुस्तके वापरात होती, उपासनेत वाचली जात होती, वाद मात्र मिटलेला नव्हता; त्रेंतने तो मिटवला. एवढेच विधान सत्य आहे आणि कॅथलिक पक्षाला एवढे पुरेसेही आहे.

वाद पेटला तो विद्वत्तेमुळे नव्हे. १५१९ साली लाइपझिग येथे एक याने ल्यूथरसमोर मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातील मृतांसाठीच्या प्रार्थनेचा दाखला ठेवला, तेव्हा ल्यूथरने त्या पुस्तकाचे प्रामाण्यच नाकारले. वचन अडचणीचे ठरले आणि पुस्तक शंकास्पद झाले, असा हा क्रम आहे. तरीही १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलात त्याने ही पुस्तके वेगळ्या विभागात का होईना, छापली. १६११ च्या इंग्रजी बायबलातही ती होती. ती खऱ्या अर्थाने दिसेनाशी झाली १८२६ नंतर, ब्रिटिश बायबल सोसायटीने त्यांवर पैसा खर्च न करण्याचे ठरवले तेव्हा. ज्या सडपातळ बायबलाला आज पुष्कळ वाचक मूळ समजतात, त्याच्या प्रसारामागे एका प्रकाशनसंस्थेच्या धोरणाचा एवढा मोठा वाटा आहे.

हिब्रू मूळ नाही, हा आक्षेपही आता पूर्वीइतका टिकत नाही. बेनसिराची हिब्रू पाने १८९६ साली कैरोच्या प्राचीन सिनेगॉगमधील संग्रहातून ओळखली गेली. मृत समुद्राकाठच्या गुहांत टोबीत अरामी आणि हिब्रू भाषांत सापडला. यावरून ती पुस्तके ईश्वरप्रेरित ठरत नाहीत, हे खरेच. पण मग कोणते पुस्तक कशावरून ठरते? बायबलाच्या कोणत्याही पानावर बायबलाची अनुक्रमणिका नाही. केवळ शास्त्रच प्रमाण मानणारा वाचक शास्त्राची यादी मात्र परंपरेकडून उसनी घेतो आणि ऋण मान्य करीत नाही. कॅथलिक भूमिकेचे बळ येथे आहे. तिने चर्चला ग्रंथाहून श्रेष्ठ ठरवले, असेही म्हणता येणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ मधील दस्तऐवजाने चर्चचा शिक्षणाधिकार ईश्वरी वचनाच्या वर नसून त्याचा सेवक आहे, असे स्पष्ट केले आहे.

आता दुसरी बाजू. ज्यांनी ग्रंथ जपला त्यांनीच तो कुलुपात का ठेवला? १२२९ साली तुलूझच्या परिषदेने सामान्य जनांना बायबल जवळ बाळगण्यास मनाई केली. १५६४ च्या नियमांनी देशी भाषेतील बायबल वाचण्यासाठी लेखी परवानगीची अट घातली. ल्यूथरपूर्वीही जर्मन बायबले छापली गेली होती, पहिले १४६६ साली, हे उत्तर वारंवार दिले जाते. ते खरे आहे आणि १५६४ ला लागू पडत नाही.

या प्रश्नाचा एक धागा मराठीतही येतो. १६१६ साली गोव्यात रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या चरित्रापर्यंत सारे त्यात आहे. बायबलाचे भाषांतर मात्र ते नव्हे. नवख्रिस्ती वाचकाला ग्रंथाऐवजी पुराण मिळाले. मराठी साहित्याचा त्यात अपार लाभ झाला. पण वाङ्मयाचा लाभ हा वाचकाच्या वंचनेचा खुलासा होऊ शकत नाही, आणि स्टीफन्सच्या थोरवीचा आधार घेऊन तसा खुलासा करणाऱ्यांनी कवीवरही अन्याय केला आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केले, ते स्टीफन्सनंतर जवळजवळ चार शतकांनी.

रेम्ब्रांटची टोबीतविषयक चित्रे पाहून किंवा हँडेलचा 'ज्यूडस मकाबियस' ऐकून मूळ कथा शोधणारा विद्यार्थी ग्रंथालयात येतो, फळीवरचे बायबल उघडतो आणि रिकाम्या हाती परततो. ती कथा बायबलात नाहीच, असा त्याचा समज होतो. ग्रंथालयाच्या नोंदीत 'बायबल' एवढाच शब्द लिहिणे म्हणूनच अपुरे आहे. हाती असलेली प्रत सहासष्ट पुस्तकांची की त्र्याहत्तर, हे तेथे लिहावयास हवे.