वाफसा कुणासाठी थांबत नाही

मराठी घरात 'नाही' हा शब्द फारसा वापरला जात नाही. त्याच्या जागी 'बघू' वापरतात. गच्चीची गळती पावसाळ्यापूर्वी काढायची आहे ना? बघू. मुलीच्या दातांना तार लावायला डॉक्टरांनी सांगितले होते, त्याचे काय झाले? बघू, दिवाळी होऊन जाऊ दे. बँकेच्या खात्यावर अजून गेलेल्या आईचेच नाव वारस म्हणून आहे, ते बदलायला हवे. हो, हो, बघू! या 'बघू'मध्ये नकार नसतो आणि होकारही नसतो, म्हणून कुणी भांडत नाही. दिवस मात्र जातात.

आपल्या भाषेत या दुर्गुणाला शब्द तरी किती! चालढकल, टाळाटाळ, दिरंगाई, हयगय, टंगळमंगळ, कुचराई, वेळकाढूपणा. प्रत्येकाची छटा निराळी. दिरंगाई कचेरीत होते, टंगळमंगळ पोरे अभ्यासात करतात, कुचराई कर्तव्यात होते. इतके बारकावे टिपणाऱ्या समाजाचा या विषयाचा अनुभव दांडगा असला पाहिजे, एवढे अनुमान काढायला हरकत नाही. गंमत अशी की, १९७३ पासून आपल्या भिंतींवर जे कॅलेंडर लटकते आहे, त्याच्या नावातच 'काल' आहे आणि 'निर्णय'ही आहे. आपण त्यावर दुधाचे रतीब आणि गॅसच्या टाक्या लिहितो.

मी जालना जिल्ह्यात राहतो. इथे वेळेची शिकवण घ्यायला कुठल्या व्याख्यानमालेला जावे लागत नाही, जूनमध्ये एखाद्या शेताच्या बांधावर उभे राहिले तरी पुरते. वाफसा हा शब्द शहरातल्या नव्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल. पावसाने जमीन भिजली, वरचे पाणी निचरून गेले, आत ओल राहिली आणि हवाही खेळू लागली, पायाला चिखल चिकटेनासा झाला, मूठभर माती दाबली तर तिचे ढेकूळ होते आणि बोटाने टोचले तर फुटते. ही अवस्था म्हणजे वाफसा. पेरायचे ते तेव्हाच. भारी काळ्या रानात तो उशिरा येतो आणि फार दिवस टिकत नाही. मध्येच पुन्हा पाऊस लागला तर तिफण असो की ट्रॅक्टर, रानात घालता येत नाही.

वेळेच्या नियोजनाची बहुतेक पुस्तके 'आत्ता करा, ताबडतोब करा' असे सांगतात. आमचा शेतकरी तसे ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी खाते दरवर्षी सांगते. मृगाच्या पहिल्या सरीवर उतावीळपणे पेरले आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणी नशिबी येते. बियाणे गेले, खत गेले, हात उसनवारीसाठी पसरावा लागला तो निराळाच. तेव्हा थांबणे म्हणजे चालढकल नव्हे. मग दोघांत फरक कसा ओळखायचा? बाहेरून दोघेही ओट्यावर बसून आभाळाकडे बघताना सारखेच दिसतात.

फरक मे महिन्यात पडलेला असतो. जो खरोखर वाफशाची वाट पाहतो आहे, त्याने घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेले असतात. आठवडाभराने उघडून कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून अधिक उगवले तर बियाणे चांगले. कमी उगवले तर त्या हिशेबाने एकरी बियाणे वाढवायचे किंवा दुसरे आणायचे. त्याची नांगरट, वखरणी झालेली असते. दुसरा मात्र पाऊस पडल्यावर दुकानासमोर रांगेत उभा राहतो. म्हणजे वाट पाहणाऱ्याचे हात आधी चाललेले असतात. कुठल्याही कामाला ही कसोटी लावून पाहावी. 'योग्य वेळ येऊ द्या' असे जो म्हणतो, त्याला विचारावे, की बाबा रे, तोवर तुझे शंभर दाणे भिजत घातले आहेस का?

याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या जांब या गावी शके १५३० मध्ये, म्हणजे १६०८ च्या रामनवमीला समर्थ रामदासांचा जन्म झाला. बोहल्यावरचा 'सावधान' हा शब्द ऐकून बारा वर्षांचा नारायण मांडवातून निघून गेला, ही कथा परंपरेने चालत आलेली आणि सर्वांच्या तोंडी असलेली आहे. लग्नात तो शब्द आपण सगळेच ऐकतो; तो ऐकून सावध होणारा विरळा. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात करंट्या माणसाची लक्षणे सांगणारा एक समास आहे आणि त्याच्या लगोलग सदेव म्हणजे भाग्यवंत माणसाची लक्षणे सांगणारा दुसरा. पालक मंडळी पहिल्याचा उपयोग मुलांना बोल लावण्यासाठी फार करतात. मला त्याहून अकराव्या दशकातला तिसरा समास अधिक कामाचा वाटतो. तिथे समर्थ सरळ दिवसाचा क्रम लावून देतात. पहाटे उठावे, पाठांतर करावे, इथपासून सुरुवात. मोठा संकल्प सोडायला ते सांगत नाहीत, दिवस कसा घालवायचा ते सांगतात. संकल्पावर जगणाऱ्या आपल्या समाजाला हा भेद अजून नीट पचलेला नाही. एक जानेवारी आणि गुढीपाडवा असे दोन दोन मुहूर्त आपल्याला लागतात.

आणि मुलांना 'आळशी' म्हणणे तर सोडूनच द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमथी पिचिल आणि त्यांच्या सहकारी फुशिया सिरोइस यांनी २०१३ मध्ये मांडले, की चालढकलीचे मूळ घड्याळात नसून मनाच्या अवस्थेत आहे. समोरचे काम भीती, कंटाळा किंवा कमीपणाची भावना जागी करते. त्या भावनेपासून क्षणभर सुटका हवी म्हणून माणूस काम बाजूला सारतो. सुटका मिळते, पण काम तिथेच राहते आणि वर अपराधीपणाचे ओझे चढते. गणिताची वही उघडायला चौदा वर्षांचा मुलगा रात्रीचे दहा वाजवतो, तो बहुधा गणिताला घाबरलेला असतो. त्याला पुन्हा 'करंटा' म्हटले की भीतीत लाजेची भर पडते, आणि तो हातातल्या मोबाईलमध्ये आणखी खोल शिरतो. त्यापेक्षा त्याच्याजवळ बसावे आणि म्हणावे, एकच उदाहरण सोडव, मग ऊठ हवे तर. पुष्कळदा तो उठत नाही. सुरुवात झाली की कामाचा बागुलबुवा निम्मा होतो, हे मी माझ्या घरात दोन मुलांवर पाहिले आहे. मोठ्यांचे तरी काय वेगळे असते? वजनकाट्यावर उभे राहायला आणि रक्त तपासायला आपण का टाळतो, ते आपल्याला नीट माहीत असते.

कचेऱ्यांची गोष्ट थोडक्यात आटोपतो, कारण ती सर्वांना पाठ आहे. काम करायला जितका वेळ द्यावा तितके ते पसरत जाते, हे पार्किन्सनसाहेबांनी १९५५ मध्ये लिहून ठेवले. आपल्या राज्याने २००५ मध्ये त्यावर कायदा केला. लोक त्याला दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहू नये, असे तो सांगतो. वाचकांपैकी ज्यांनी एखादी फाईल टेबलामागून टेबल पाठवली आहे, त्यांनी या वाक्यावर हसून घ्यावे. पण आपणही साव नाही. खरीप पीक विम्याची शेवटची तारीख बहुधा ३१ जुलै असते, आणि जुलैच्या अखेरच्या दोन-तीन दिवसांत सेवा केंद्रांपुढे जी गर्दी उसळते ती बघावी. मुदतवाढ मिळेलच, हा आपला विश्वास देवावरच्या विश्वासाहून कमी नाही. कधी मिळतेही, आणि मग पुढच्या वर्षीची गर्दी तिथेच ठरते.

या बाबतीत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन अभ्यास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. डॅन एरिएली आणि क्लाऊस वर्टेनब्रोख यांनी काही जणांना तपासणीची तीन कामे दिली. एका गटाला तिन्हींसाठी ठरावीक अंतराने तारखा घालून दिल्या, दुसऱ्याला स्वतःच्या तारखा स्वतः ठरवू दिल्या, तिसऱ्याला सारे एकदम शेवटी द्या म्हणून सांगितले. टप्प्याटप्प्याच्या तारखावाले सर्वांत पुढे राहिले, स्वतः ठरवणारे मध्ये आणि शेवटच्या दिवसावर विसंबणारे सर्वांत मागे. मोकळीक आपल्याला प्रिय, पण ती पेलत नाही.

आता चालढकलीचा जो प्रकार मला सर्वांत घातक वाटतो, त्याकडे येतो. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावे लावायची असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४९ सांगते, की जमिनीतला हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून तलाठीच चालते.) तेराव्यापर्यंत घरात दुःख असते, वर्षश्राद्धापर्यंत संकोच असतो आणि पुढे सवय होते. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबात अकरा वर्षे जमीन गेलेल्या माणसाच्या नावावर राहिली. तिघे भाऊ, दोन बहिणी, भांडण नाही, तंटा नाही. सगळे 'करून टाकू' म्हणत राहिले. मधल्या काळात थोरला भाऊ गेला. त्याच्या पत्नीला पीककर्ज हवे होते, तेव्हा कागदावर तिचा नवराही नव्हता, सासराच होता. समृद्धी महामार्गासाठी आपल्या जिल्ह्यातही जमिनी घेतल्या गेल्या. जवळच्याच गावात भूसंपादनाचा मोबदला आला तसे हे कुटुंब दचकून जागे झाले. आज दुसऱ्याची, उद्या आपली जमीन गेली तर पैसे कुणाला मिळणार?

इथे एक गोष्ट नीट पाहावी. टाळणारे तिघे पुरुष होते. हेलपाटे त्या विधवा बाईने घातले. काम लांबवणारा आणि त्याची किंमत मोजणारा ही दोन माणसे बहुधा वेगळी असतात. आपला वेळ आपण वाया घालवला तर आपलेच नुकसान, असे पुस्तके सांगतात ते अर्धेच खरे आहे. असे किती सातबारे राज्यात असतील याची कल्पना यावरून करावी, की २०२५ मध्ये शासनाला 'जिवंत सातबारा' नावाची मोहीमच काढावी लागली. शेजारच्या बुलढाण्यात तिचा प्रारंभ झाला आणि मग ती राज्यभर गेली. मृतांची नावे काढून जिवंतांची लावायला सरकारने दारी यावे, ही आपल्या 'बघू'ची सरकारी नोंद म्हणायची.

बायकांच्या वेळेबद्दलही बोललेच पाहिजे. वेळेचे व्यवस्थापन शिकवणारी पुस्तके वाचताना मला नेहमी वाटते, की ती ज्यांचा स्वयंपाक दुसरे कुणी करते अशा लोकांनी लिहिली आहेत. कुकरच्या तीन शिट्ट्यांत मुलाचा डबा भरणारी, नळाला पाणी यायची वेळ साऱ्या दिवसाच्या केंद्रस्थानी ठेवून बाकीचे त्याभोवती बसवणारी गृहिणी कुणाकडून काय शिकणार? तरीही तिची कामे राहतात, पण ती निराळी. स्वतःची तपासणी, स्वतःचा चष्मा, अर्धवट राहिलेले शिक्षण. तिच्या यादीतून जे गळते ते तिच्या आळसाने नव्हे, बाकीच्यांच्या हाकांनी गळते. अशा घरात वहीत नियोजन लिहून उपयोग नाही. आठवड्यातले दोन तास कोण मोकळे करून देणार, ते घरच्यांनी ठरवावे लागते.

काम वेळेवर झाले की काय होते, हेही याच जिल्ह्यात पाहायला मिळते. जालना तालुक्यातले कडवंची हे कमी पावसाचे, उताराच्या जमिनीचे गाव. १९९६ नंतरच्या काही वर्षांत इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साहाय्याने तिथे समतल चर खणले, बांध घातले, ओहोळ अडवले. पुढे शेततळी आली, द्राक्षबागा आल्या. २०१२ चा दुष्काळ जालन्याला १९७२ ची आठवण करून देणारा ठरला, गावोगाव टँकर फिरले. कडवंचीच्या बागा त्याही वर्षी टिकून राहिल्या. चर खणले तेव्हा २०१२ कुणाला दिसत होते? मजुरी तेव्हाही परवडत नव्हती, उन्हात कुदळ मारायला तेव्हाही जिवावर येत होते.

खरपुडीच्या केंद्रात शेतकऱ्यांचे मासिक चर्चासत्र भरते, दर महिन्याच्या पाच तारखेला. पाच तारीख सोमवारी येवो की रविवारी, तारीख बदलत नाही. 'कधी जमायचे?' हा प्रश्नच मिटला, त्यामुळे 'बघू' म्हणायला जागा राहिली नाही. आमच्या घरी आम्ही याचेच छोटे रूप केले आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी चहानंतर सगळ्यांनी बसायचे आणि महिनाभर रेंगाळलेले एकेक काम पुढ्यात घ्यायचे. फक्त एकेक. गेल्या खेपेला माझ्या वाट्याला विम्याचे नामनिर्देशन होते, मुलीच्या वाट्याला शिष्यवृत्तीचा अर्ज, आणि पत्नीने डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली; त्या दिवशी पोळ्या मुलाने केल्या, नकाशे बरे होते.

त्या कुटुंबाचे शेवटी झाले. मृत्यूचे दाखले, वारसांचे शपथपत्र, सगळ्यांची आधार कार्डे असे कागद गोळा करायला त्यांना दोन दिवस लागले. अर्ज दिल्यावर हरकतीसाठी नोटीस निघाली, तिची मुदत पंधरा दिवसांची. हरकत कुणीच घेतली नाही. मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला तेव्हा दोन्ही बहिणींची आणि त्या बाईंची नावे सातबाऱ्यावर प्रथमच आली. अकरा वर्षांचे काम एकूण महिन्याभराचे निघाले.