यादीत आपलं पीक तळाला का?

शेतकरी मित्रांनो, आज खताबियाण्याचं नाही, मोबाईलमधल्या यादीचं बोलायचंय. फॉर्ममधल्या चौकटीवर बोट ठेवलं की खाली नावं उघडतात, तो ड्रॉपडाऊन. 15 ऑगस्ट 2021 ला राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पेऱ्याची नोंद आपल्या हातात आली. चांगलंच झालं. पण आता सातबाऱ्यावर काय चढणार, ते आधी यादीत काय आहे यावर ठरतं. पुढं विमा असो की हमीभावाची खरेदी, नोंद बघितली जातेच.

नोंद चुकली की एकच बोललं जातं, "शेतकऱ्याला मोबाईल कळत नाही." मला हे मान्य नाही. बऱ्याचदा यादी भरणाऱ्यालाच शेत कळलेलं नसतं.

गावाचंच घ्या. आमचं जळकोट तुळजापूर तालुक्यातलं. शेजारच्या लातूर जिल्ह्यात जळकोट नावाचा अख्खा तालुका आहे. यादीत नुसतं 'जळकोट' दिसलं तर ओळखायचं कसं? जिल्हा निवडला की त्याचेच तालुके दिसावेत, आपले 8. तालुका निवडला की त्याचीच गावं.

2023 मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. तरी एखाद्या फॉर्मात अजून उस्मानाबादच शोधावं लागतं. बरं, सरसकट नाव बदलूनही चालणार नाही, कारण शेळीची जात उस्मानाबादीच आहे! उपाय साधा आहे. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत गावागावाला कोड दिलेला आहे. संगणकानं आत कोड धरावा, नाव फक्त आपल्याला वाचायला. मग नाव बदललं तरी जुनी नोंद तुटत नाही.

आता क्रम. अकारविल्हे लावलं तर उडीद वर आणि सोयाबीन पार तळाला. आपल्याकडं खरिपात सगळ्यात जास्त पेरा कशाचा, हे सांगायला का पाहिजे? हंगाम आणि जिल्हा बघून चार-पाच नेहमीची पिकं वर ठेवा, बाकीची खाली अकारविल्हे. खरिपाच्या यादीत हरभरा दाखवूच नका. दोन अक्षरं टाकली की नाव पुढं यावं.

सगळ्यात घातक म्हणजे यादीतलं पहिलं नाव आपोआप निवडलेलं असणं. उन्हात स्क्रीन दिसत नाही, बोट पुढं जातं आणि न पेरलेलं पीक नावावर चढतं. तिथं फक्त 'निवडा' असावं, आणि निवडल्याशिवाय फॉर्म पुढं सरकू नये.

सोयाबीनात तूर हे आपलं नेहमीचं. एकच पीक निवडू देणारी यादी तुरीला शेतातून उपटूनच टाकते. दोन्ही पिकं आणि प्रत्येकाचं क्षेत्र, दोन्ही पाहिजे. 'इतर' असेल तर शेजारी लिहायला जागा पाहिजे. आणि यादी मोबाईलमध्येच साठवलेली असावी, रानात रेंज कुठं असते?

कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या मित्रांनो, यादी तयार होताना तुम्ही तिथं बसा. हंगामाआधी 10 शेतकऱ्यांच्या हातात मोबाईल द्या, बांधावर उभं करा आणि बघा बोट कुठं अडतं. आम्ही जे पेरलं ते यादीत सापडलं पाहिजे. यादीत सापडतं म्हणून आम्ही काही पेरत नाही.